आवड सरते, ओढ उरते

पार्किन्सन झालेल्या माणसाच्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. हात थरथरतात, पाऊल उचलत नाही, सदऱ्याची बटणं लावताना जीव मेटाकुटीला येतो. मग डॉक्टर डोपामिनसारखंच काम करणाऱ्या गोळ्या देतात आणि पुष्कळांना त्यांनी खरोखर आराम पडतो. पण त्यातल्या काहींच्या घरी थोड्या महिन्यांनी वेगळीच तक्रार सुरू होते. आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेला, पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस जुगार खेळायला लागतो. कुणी नको त्या वस्तूंची खरेदी करत सुटतं, कुणी मध्यरात्री उठून खात बसतं, कुणाची कामवासना घरच्यांना ओळखू येणार नाही इतकी उसळते. अमेरिका आणि कॅनडातल्या तीन हजारांहून जास्त पार्किन्सन रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ‘डोपामिन ॲगोनिस्ट’ या प्रकारातली औषधं घेणाऱ्यांपैकी १७ टक्के लोकांत यातलं काही ना काही आढळलं, न घेणाऱ्यांत साधारण ७ टक्क्यांत. डोस उतरवला किंवा औषध बदललं की पुष्कळदा हे थांबतं. (हा बदल डॉक्टरांनीच करायचा असतो. या गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करणं धोक्याचं आहे.)

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याला आपण वळण म्हणतो, संस्कार म्हणतो, ते सगळं त्या माणसाकडे साठ-साठ वर्षं होतं. एका गोळीने ते पुसून टाकलं असं म्हणावं, तर गोळी बंद होताच पुष्कळदा ते परत येतं. म्हणजे ते गेलेलंच नव्हतं. मधल्या काळात त्याच्यावर काहीतरी स्वार झालं होतं. हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, याचा शोध मी गेली काही वर्षं जमेल तसा घेते आहे, कारण व्यसनाच्या रूपाने तो प्रश्न माझ्या घरातही आहे.

व्यसनी माणसाबद्दल आपण जे जे बोलतो, त्याच्या मुळाशी एक गृहीत असतं: त्याला त्यात मजा येते. ‘याची मजा होते आणि घरदार भोगतं’ हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल! मजा येते म्हणून घेतो, मजा सोडवत नाही म्हणून सुटत नाही, आणि दुसऱ्यांचा विचार नाही म्हणून मजेला आवर घालत नाही, अशी ती साखळी. व्यसनी माणसावर होणारा सगळ्यात मोठा अन्याय या गृहीतात आहे असं मला वाटतं. सुरुवातीला मजा असते, नक्कीच असते. पण व्यसन जिथे खऱ्या अर्थाने सुरू होतं, तिथवर मजा बहुतेक वेळा निघून गेलेली असते.

शास्त्रज्ञांनाही हे उमगायला वेळ लागला. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. पिंजऱ्यातला दांडा दाबला की उंदराच्या मेंदूच्या एका ठरावीक भागाला विजेचा सौम्य झटका मिळे. उंदीर दांडा दाबत राहिले, तासाला शेकडो वेळा, पुढच्या प्रयोगांत तर हजारो वेळा. काही उंदरांनी त्यापायी अन्नाकडेही पाठ फिरवली. मेंदूतलं आनंदाचं केंद्र सापडलं, असं सगळीकडे जाहीर झालं. पुढे त्या भागाचा डोपामिनशी संबंध उघड झाला आणि डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. आजही ते निघायला तयार नाही.

त्या उंदरांना आनंद होत होता का, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. दांडा दाबणं दिसत होतं. सुख आपण गृहीत धरलं होतं.

मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी ते पाहायची एक रीत वापरली. उंदराच्या जिभेवर साखरेचं पाणी टाकलं की तो ओठ चाटतो, जीभ लयीत बाहेर काढतो. कडू टाकलं की तोंड उघडून मान झटकतो. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरही हेच भाव उमटतात. गोड लागल्याची ती खूण. बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस काही उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. अपेक्षा अशी की आनंदाचं रसायनच गेलं, तर साखर बेचव लागेल. झालं निराळंच. ते उंदीर खाण्यासाठी जागचे हलेनात. समोर अन्न असताना उपाशी मेले असते, म्हणून त्यांना नळीने भरवावं लागलं. पण जिभेवर साखरेचा थेंब पडताच ते पूर्वीसारखेच ओठ चाटत होते. गोड गोडच लागत होतं. फक्त ते मिळवायला पाऊल उचलावं असं काही त्यांच्यात उरलं नव्हतं.

पुढे उलटाही प्रयोग झाला. ज्या उंदरांच्या मेंदूत डोपामिन नेहमीपेक्षा जास्त काळ टिकतं, ते गोडासाठी जास्त धावले. मिळाल्यावर ओठ मात्र जास्त चाटले नाहीत.

म्हणजे आवड आणि ओढ यांची मेंदूतली कामं वेगळी आहेत. एरवी दोघी हातात हात घालून चालतात, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. आवडीचं काम मेंदूतल्या अगदी लहान ठिपक्यांएवढ्या जागांवर चालतं. तिथे आपल्याच शरीरात बनणारी अफूसारखी रसायनं महत्त्वाची असतात. ओढीचं जाळं कितीतरी मोठं, आणि ते डोपामिनवर चालतं. १९९३ साली बेरिज आणि रॉबिन्सन यांनी मांडलं की व्यसनात नेमकं हेच होतं. ओढीची यंत्रणा दरवेळी जास्त तीव्र होत जाते आणि आवड जिथल्या तिथे राहते, नाहीतर मागे पडत जाते. शेवटी माणसाला अशी गोष्ट जिवापाड हवी असते, जी त्याला आता आवडतही नाही.

मला हे कळलं ते दादाच्या चेहऱ्यावरून. दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. फोनवर पैसे लावून खेळायचं व्यसन त्याला लागलं होतं. घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. वहिनीला संशय होता, तोही दुसऱ्याच कशाचा. एका आजारपणात मी त्याच्या शेजारी बसून होते. तो कुशीवर वळून फोन बघत होता आणि स्क्रीन मला दिसत होती. चक्र फिरत होतं, थांबत होतं, त्याचा अंगठा पुन्हा टेकत होता. तो जिंकला. मोठी रक्कम होती, स्क्रीनवर रंगांची आतषबाजी झाली, नाणी सांडली. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच हललं नाही. भुवई नाही, ओठ नाही. आतषबाजी संपायच्या आत अंगठा पुढच्या डावावर टेकलासुद्धा. त्याच्या जागी मी असते तर ओरडले असते. मग हा कशासाठी खेळतो आहे, असं माझ्या मनात आलं, आणि भीती वाटली.

वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग मी नंतर वाचले आणि तो अंगठा मला थोडा समजला. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की त्याच्या डोपामिनच्या पेशी चमकून उठतात. रसाच्या आधी दरवेळी एक दिवा लावत गेलं, तर काही दिवसांनी त्या पेशी दिव्याला चमकतात, आणि प्रत्यक्ष रस मिळतो तेव्हा गप्प असतात. दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो मिळायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्यांचं काम रोजच्यापेक्षाही खाली घसरतं. १९९७ साली शुल्त्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी याचा अर्थ लावला: डोपामिन मिळालेल्या सुखाबद्दल बोलतच नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, एवढा फरक ते मेंदूला कळवतं. त्यावरून मेंदू शिकतो की पुढच्या वेळी कशाकडे धावायचं. म्हणजे ते मुळात शिकण्याचं साधन आहे.

जुगाराचं यंत्र या फरकावरच पोसलेलं असतं. बक्षीस केव्हा मिळेल हे कधीच कळू द्यायचं नाही, म्हणजे प्रत्येक वेळी अपेक्षा चुकते आणि शिकणं कधी पुरं होत नाही. किती दाबण्यांनंतर दाणा मिळेल हे ठरलेलं नसेल, तर कबूतर सगळ्यात चिकाटीने चोच मारत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यातच दाखवून दिलं होतं. त्यात ‘थोडक्यात हुकलं’ची भर पडते. तीनपैकी दोन चित्रं जुळली, तिसरं एका घराने पुढे गेलं. हिशेबाने ही सरळ हार आहे. २००९ साली ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी अशा वेळी लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा जिंकल्यावर जे भाग जागे होतात त्यांतलेच काही जागे झाले. लोकांना हे हुकणं साध्या हरण्यापेक्षा जास्त नकोसं वाटलं आणि तरी खेळायची इच्छा वाढली. नकोसंही आणि हवंसंही, एकाच क्षणी. दादाच्या तोंडावर मी जे पाहिलं ते याहून नेमक्या शब्दांत मला सांगता येत नाही.

दारू, तंबाखू, गर्द यांची गोष्ट इथे थोडी वेगळी होते. जुगार मेंदूच्या शिकण्याच्या वाटेने आत शिरतो, नशेचे पदार्थ थेट रसायनालाच हात घालतात. वापरलेलं डोपामिन परत शोषून घ्यायची व्यवस्था कोकेन अडवतं. मेथाम्फेटामिन ते पेशीतून बाहेर ढकलतं. सिगारेटच्या झुरक्यातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. हा वेग फार महत्त्वाचा, कारण कृती आणि परिणाम जितके जवळ तितकं शिकणं पक्कं. तेच निकोटिन कातडीवर लावायच्या पट्टीतून सावकाश गेलं तर सवय सोडवायला मदत करतं. हेरॉइन ज्या कुलपांना लागतं ती कुलपं मेंदूने स्वतःच्याच वेदनाशामकांसाठी बनवलेली असतात. त्यातलं पहिलं रसायन, एन्केफलिन, १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला सापडलं. पण सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. खऱ्या बक्षिसाची सवय झाली की डोपामिनची चमक ओसरते, मेंदू म्हणतो, कळलं, आता हे नवं नाही. रसायनाने जबरदस्तीने आणलेली चमक तशी सहजी ओसरत नाही. मेंदूला दरवेळी तोच निरोप मिळतो की हे अपेक्षेपेक्षा चांगलं आहे, याची किंमत अजून वाढव. जीभ, पोट, मन काही का सांगेना.

आणि मेंदू स्वस्थ बसत नाही. घरात दिवसरात्र मोठ्याने रेडिओ लावून ठेवला, तर माणूस कानांत बोळे घालतो. तसे मेंदूही बोळे घालतो. नोरा व्होल्कोव यांनी १९९०च्या दशकात कोकेनच्या आहारी गेलेल्यांचे स्कॅन काढले. डोपामिनचा निरोप झेलणारे डी-टू नावाचे ग्राही त्यांच्या मेंदूत कमी दिसत होते, कोकेन बंद करून महिने झाले तरीही. रेडिओ बंद झाला तरी बोळे तसेच राहतात. मग लेकराचं हसणं, जेवणाचा वास, मित्राची हाक हे सगळं जेमतेम ऐकू येतं. व्यसन सोडलेली माणसं पहिल्या महिन्यांत ‘काहीच वाटत नाही’ असं म्हणतात, ते अक्षरशः खरं असतं. घरच्यांना वाटतं, सोडली तर आता हा खुश का दिसत नाही? त्यावरून भांडणं होतात. फार दुःखाची भांडणं असतात ती, कारण दोन्ही बाजू खऱ्या असतात.

बोळ्यांपाठोपाठ आणखी एक बदल होतो. मेंदूची ताणाची यंत्रणा चढी राहायला लागते. जॉर्ज कूब हे शास्त्रज्ञ याला व्यसनाची अंधारी बाजू म्हणतात. चिडचिड, अस्वस्थता, झोप नाही, छातीवर दगड. सुरुवातीला माणूस बरं वाटावं म्हणून घेतो. आता वाईट वाटू नये म्हणून घेतो. रोज सकाळी नुसतं माणसात यायला त्याला घोट लागतो.

दारूच्या बाबतीत हे नुसत्या वाटण्यापुरतंही राहत नाही. दारू मेंदूला शांत करते, म्हणून मेंदू वर्षानुवर्षं आपला वेग वाढवत नेतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की तो वेग मोकाट सुटतो. हात कापतात, घाम फुटतो, भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. कोंडून ठेवून दारू सोडवायचा उपाय अजून सुचवला जातो. सुचवणाऱ्याचं मन चांगलं असेल, पण हा उपाय माणसाला मारू शकतो. अशी दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायला हवी, हे मी भेटेल त्याला सांगते.

आता इच्छाशक्तीकडे येते, कारण सगळ्या घरगुती न्यायनिवाड्यांत शेवटी तीच कटघऱ्यात उभी असते. कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो थांब म्हणतो, उद्याचा विचार करतो, दोन इच्छा तोलतो. व्यसन जुनं होत जातं तसं या भागाचं काम मंदावतं, हे स्कॅनमध्ये वारंवार दिसलं आहे. त्याच वेळी सवयीची सूत्रं मेंदूच्या आणखी आतल्या भागाकडे जातात, जिथे विचार न करता हात चालतो. म्हणजे ज्या अवयवाने लढायचं तोच जखमी. त्याला ‘मनावर घे’ म्हणणं म्हणजे प्लास्टरमधल्या पायाला पळ म्हणणं. आणि हा भाग पुरता पिकायला विशी उलटावी लागते, साधारण पंचविशीपर्यंत त्याची जुळणी चालू असते. ओढीची यंत्रणा मात्र चौदा-पंधराव्या वर्षीच जोरात असते. मुलं वाया जातात ती या मधल्या फटीत. तरुण मुलाच्या हातात पहिली सिगारेट दिसली की त्याच्या चारित्र्याची चर्चा करण्याआधी ही फट आठवावी असं मला कळकळीने वाटतं.

इच्छाशक्ती नसतेच असं मात्र मी म्हणत नाही. व्यसन हा मेंदूचा आजार आहे, असं ॲलन लेश्नर यांनी १९९७ साली ठामपणे मांडलं, आणि त्याने फार मोठं काम केलं: लाज थोडी कमी झाली, दवाखान्याचं दार उघडलं. पण या मांडणीचा दुसरा अर्थही लोक काढतात, की मेंदूच बिघडला, आता संपलं. तो खोटा आहे. व्हिएतनाम युद्धातून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. तिथे असताना साधारण पाचातला एक हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात यांतल्या सुमारे ५ टक्के लोकांनाच व्यसनाने पुन्हा गाठलं, तीन वर्षांत १२ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा तज्ज्ञांनाही हे आकडे पचले नाहीत. ती भीती, तो कंटाळा, ते सोबती, ते सगळं वातावरण मागे राहिलं होतं, आणि इकडे घर होतं, काम होतं. अलीकडे, २०१८ साली, मार्को व्हेनिरो आणि यावीन शाहम यांच्या गटाने नशेला चटावलेल्या उंदरांना दोन दांडे दिले: एक दाबला की मादक पदार्थ, दुसरा दाबला की दुसऱ्या उंदराची सोबत. जवळजवळ सगळ्यांनी सोबत निवडली. सोबत मिळवायला वेळ लावला किंवा तिच्यासोबत शिक्षा जोडली, तेव्हा ते पुन्हा नशेकडे वळले. यावर माझं भाष्य नको. ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांना ते आपोआप कळेल.

पण वातावरणाची दुसरी बाजू फार क्रूर आहे. मेंदू पदार्थ जेवढा शिकतो, तेवढाच त्याच्या आजूबाजूचं सगळं शिकतो. जिना, काडेपेटीचा आवाज, विशिष्ट मित्राचं नाव, संध्याकाळची वेळ. शेपर्ड सीगल यांचा १९८२चा प्रयोग वाचून मी सुन्न झाले होते. उंदरांना एका ठरावीक जागी हेरॉइन देत देत त्याची सवय केली, मग सगळ्यांना एकच मोठा डोस दिला. ओळखीच्या जागी दिला तेव्हा सुमारे ३२ टक्के मेले. अनोळखी जागी दिला तेव्हा ६४ टक्के. पदार्थ तोच, मात्रा तीच. ओळखीची जागा दिसली की शरीर आधीच धक्का झेलायची तयारी करतं, नव्या जागी ही तयारी होत नाही. आणि जागा ओळखीची असली, तरी काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते. म्हणून अफूजन्य नशा करणाऱ्यांसाठी व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे. माणूस जुन्या मापाने घेतो. घरच्यांना वाटत असतं, आता तर तो सुधारून आला आहे.

तलफेचंही असंच विपरीत आहे. आपल्याला वाटतं, दिवस जातील तशी ती विझेल. कोकेनची चटक लागलेल्या उंदरांना ते देणं थांबवून, पदार्थाची आठवण करून देणारी खूण दाखवली, तर ओढ पहिले दोन महिने वाढत जाते, हे २००१ साली दिसून आलं. पहिला आठवडा पार पडला म्हणून घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडावा, तर आत ती पिकत असते. माणसाला स्वतःलाही ते कळत नसतं. एक दिवस तो जिना समोर येतो.

इथे फोनबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हल्ली प्रत्येक जण स्वतःला फोनचा व्यसनी म्हणवून घेतो. जुगाराच्या विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीने २०१३ साली दारू-ड्रग्जच्या पंगतीत बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत जुगाराबरोबर गेमिंगचा विकारही आहे. सोशल मीडियाला तिथे स्वतंत्र जागा दिलेली नाही, आणि या सावधपणाची मला कदर वाटते. बराच वेळ स्क्रीनवर जाणं आणि नोकरी, झोप, नाती उद्ध्वस्त होत असताना हात थांबवता न येणं यांत फार मोठं अंतर आहे. ते पुसलं की खऱ्या आजारी माणसाचं दुखणं स्वस्त होतं. काही काळ सगळ्या मजा बंद ठेवून मेंदू ‘साफ’ करायचा, हा ‘डोपामिन डिटॉक्स’चा प्रकारही मला पटत नाही. डोपामिन हे विष नाही की ते शरीरातून काढून टाकावं. ते कमी पडलं तर काय होतं, हे पार्किन्सनच्या रुग्णाला विचारावं.

बरं होणं शक्य आहे, आणि ते मेंदूत दिसतंही. मेथाम्फेटामिन सोडलेल्यांच्या मेंदूतली डोपामिन शोषणारी व्यवस्था १२ ते १७ महिन्यांत बरीच भरून आलेली व्होल्कोव यांच्या गटाला २००१ साली दिसली. महिने म्हटलं आहे, आठवडे नव्हे, हे घरच्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं. हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन या त्याच जातीच्या औषधाचा उपचार १९६५ सालापासून आहे, नंतर ब्यूप्रेनॉर्फिन आलं. एक नशा जाऊन दुसरी आली, असं म्हणून ही औषधं बंद पाडणारे नातेवाईक आणि काही केंद्रचालकही असतात. ही औषधं माणसांना जिवंत ठेवतात, याचे पुरावे भक्कम आहेत. नाल्ट्रेक्सोन हे औषध दारूच्या व्यसनात उपयोगी पडतं, काही जुगाऱ्यांतही. म्हणजे ज्यात कुठलाच पदार्थ पोटात गेलेला नाही, ती ओढही गोळीने थोडी उतरते. याच्या जोडीला गट, समुपदेशन, आणि नशेपासून दूर राहिल्याबद्दल लहान-लहान बक्षिसं देणारा एक साधा, पण चांगला सिद्ध झालेला उपाय. मेंदूला ज्या भाषेत व्यसन शिकवलं गेलं, त्याच भाषेत दुसरं काहीतरी शिकवायचं.

उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक वर्षभरात पुन्हा घसरतात, असा अंदाज वैद्यकीय साहित्यात सापडतो. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांचंही औषध-पथ्य सुटून आजार उलटण्याचं प्रमाण याच्या आसपासच आहे. रक्तदाब वाढला म्हणून कुणाला नालायक ठरवून आपण घराबाहेर काढत नाही. डोस तपासतो.

दादाही घसरला. वहिनीने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज इतका सपाट होता की मी ओळखलाच नाही. ‘अगं, पुन्हा,’ एवढंच म्हणाली. समुपदेशकाकडे तिघं गेलो. मला वाटलं होतं, आता ‘का केलंत?’ विचारतील आणि दादा मान खाली घालेल. त्या बाईंनी ‘का’ विचारलंच नाही. किती वाजता? तुम्ही कुठे बसला होता? त्याआधीच्या तासात कोणाशी बोललात? जेवला होता का? फोन हातात कसा आला? दादा आधी चाचरत, मग सविस्तर सांगत गेला, आणि त्या एका वहीत रकाने आखून लिहीत गेल्या. मग मागच्या वेळचं विचारलं, त्याच्या मागच्या वेळचं विचारलं. वहिनीला वाटायचं, हातात पैसे आले की हा बिघडतो. वहीत निराळंच निघालं. बहुतेक वेळा त्या दिवशी ऑफिसात कुणीतरी चारचौघांत त्याचा पाणउतारा केलेला होता आणि तो घरी काही न बोलता खोलीत जाऊन पडला होता. आता त्याच्या फोनमधून पैसे जाऊ शकत नाहीत, ते खातं वहिनीकडे आहे, आणि असा दिवस गेला की तो ऑफिसातून निघतानाच तिला तसं सांगतो. परवा मला केला होता फोन, ती उचलत नव्हती म्हणून. घरी पोचेपर्यंत आम्ही बोलत होतो.